सरकारी डोळा आणि गुलशनाबादी रुपया

नोटा छापण्याच्या प्रेसमध्ये मी तीसेक वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी तपासणीत. तपासणी म्हणजे छापून आलेला ताव समोर ओढायचा, वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची आणि कुठे रंग सरकलाय, आकडा तिरका बसलाय, रेघ तुटलीय असं दिसलं की खूण करून बाजूला टाकायचा. मग दुसरा ताव, मग तिसरा. शेजारच्या नोटेसारखी दिसते ती चांगली, वेगळी दिसते ती वाया, एवढंच शास्त्र. आत जाताना खिशात स्वतःचा पैसाही न्यायचा नाही आणि बाहेर पडताना झडती द्यायची, असा शिरस्ता. त्यामुळे दिवसभर नोटांच्या ढिगात बसलेला माणूस संध्याकाळी फाटकाबाहेर यायचा तो चहालाही महाग.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मात्र या नोकरीला भलताच मान. कुणाच्या हाती संशयी नोट आली की तो आधी आमच्या दारात. मी ती उजेडात धरायचो, भुवई वर चढवायचो आणि निकाल द्यायचो. लोकांचा बँकेपेक्षा माझ्या भुवईवर जास्त विश्वास होता. खरं सांगायचं तर खरी-खोटी नोट ओळखणं हे माझं कामच नव्हतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या सगळ्या खऱ्याच असायच्या, फक्त काही बिघडलेल्या. हा फरक मी कुणाला समजावून सांगत बसलो नाही. आयता मिळणारा मान परत करायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

जुन्या नाण्यांचा छंद मला लागला तो गंगेवर. नाशकात गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात, एरवी ती गंगा. पावसाळ्याचा पूर ओसरला की झारेकरी नदीत उतरतात. सराफांच्या दुकानांपुढची धूळ आणि नदीतला गाळ धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण आणि यात्रेकरूंनी टाकलेली नाणी काढायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यातला एक झारेकरी माझ्या ओळखीचा झाला. बायकोबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहून लाकडी पाटीत गाळ हलवणारा, बोलायला अगदी कमी. एका सुटीच्या दिवशी त्याने माझ्या हातावर शिशाचं एक लहानसं नाणं ठेवलं. त्यावर तीन कमानींची टेकडी होती. जुनं आहे म्हणाला, लय जुनं. कशावरून, असं मी विचारलं, तर त्याने नाण्यावरून अंगठा फिरवून दाखवला. अंगठ्याला कळतं, यापलीकडे त्याच्याकडे पुरावा नव्हता.

ती टेकडी म्हणजे चैत्याची खूण, हे मला नंतर कळलं. आमच्या घरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्या तसबिरीखाली उभा राहून मी ते नाणं हातात धरलं तेव्हा ते कपाळाला लावलं, हे आज लिहायला लाज वाटत नाही. इतिहास नावाची जी गोष्ट शाळेत दुसऱ्या कुणाची तरी म्हणून शिकवली होती, तिचा एक तुकडा आपल्या घरी आलाय असं वाटलं. तो आणून देणारा माणूस हा झारेकरी होता. पुढे जे झालं ते सांगताना हे विसरून चालणार नाही.

छंद लागला की मंडळ सापडतंच. नाशकात एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी दहा-बारा नाणेवाले जमायचे. अध्यक्ष होते एक निवृत्त गुरुजी. मोडी वाचायचे, फारसी वाचायचे, आणि जन्मभर पेपर तपासल्यामुळे नाण्यांनाही मार्क द्यायचे. अक्षरं किती शिल्लक, कड किती झिजली, वजन किती उतरलं, असं पाहून शंभरापैकी. पस्तिसाच्या खाली नापास. एकाच्या पैशाला बासष्ट मिळाले आणि दुसऱ्याच्या तसल्याच पैशाला पासष्ट, एवढ्यावरून दोन सभासद तीन रविवार एकमेकांशी बोलत नव्हते. एकाने तर फेरतपासणीचा अर्ज दिला होता.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार हा मंडळाचा सुतकाचा दिवस. लक्ष्मीपूजनाला चांदी घासायची म्हणून घरोघरच्या बायकांनी नवऱ्यांच्या डब्यातली नाणीही चिंच लावून लख्ख केलेली असायची. जुन्या नाण्याचा काळसर रंग हीच त्याची इभ्रत. तो गेला की जाणकाराच्या लेखी नाणं गेलं. बायकांच्या लेखी तेच नाणं पहिल्यांदा बघण्यासारखं झालेलं असायचं. गुरुजी मुकाट्याने वीस-वीस मार्क कापायचे. बाकी खऱ्या-खोट्याचे वाद बारमाही. नाशिक जिल्ह्यात कुठेही काही जुनं निघालं की ते जोगलटेंभीला सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांच्या ढिगातलंच, असं आणणारा छातीठोक सांगायचा, मग त्यावर राणीचा मुखवटा का असेना.

मला मंडळात पहिल्या दिवशी कसं घेतलं ते मी विसरलो नाही. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनावापाशी दोघं-तिघं जरा थांबले. हे थांबणं आम्हाला चांगलं ओळखू येतं. मग मी प्रेसमध्ये तपासणीला असतो म्हणालो आणि एकदम खुर्ची पुढे सरकली. गुरुजींनी ओळख करून दिली, ‘हा आपला सरकारी डोळा.’ पुढच्या रविवारपासून ती खुर्ची माझी ठरली, गुरुजींच्या उजव्या हाताला. तिथे बसून मी निरनिराळ्या नाण्यांकडे भिंगातून पाहत भुवई वर चढवायचो. मला काहीही कळत नव्हतं, पण कॉलनीतला अनुभव दांडगा होता.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पिंपळगाव बसवंतचे एक व्यापारी मंडळात दोन रुपये घेऊन आले. द्राक्षं आणि कांदा यांत त्यांचं चांगलं बस्तान होतं. मंडळाला लोखंडी कपाट त्यांनी दिलं होतं, वर्गातली ट्यूबलाइट त्यांनी बसवून दिली होती, आणि रविवारचा चहाही त्यांच्याच खात्यावर असायचा. रुपये होते गुलशनाबाद टांकसाळीचे. गुलशनाबाद हे मोगलांनी नाशिकला दिलेलं नाव. म्हणजे आमच्याच गावचा, पेशवाईतला रुपया. त्या काळच्या रुपयांवर टांकसाळीचं नाव पुरतं सहसा मिळत नाही, आणि इथे तर दोन्ही नाण्यांवर ‘गुलशनाबाद’ अगदी सुवाच्य. गुरुजींनी फारसी मोठ्याने वाचून दाखवली. ब्याण्णव मार्क दिले. मंडळाच्या इतिहासात इतके मार्क कुणाला पडले नव्हते.

माझा झारेकरी रविवारी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसलेला असायचा. बैठक संपली की सभासद त्याच्या फडक्यातली नाणी चाळायचे. त्या दिवशी गलका ऐकून तो दारात आला आणि रुपये बघायला मागितले. व्यापाऱ्यांनी कौतुकाने हातात दिले. त्याने दोन्हीवरून अंगठा फिरवला, परत ठेवले आणि शेठ, ही दोन्ही वतीव हायत, म्हणाला. वतीव म्हणजे ओतीव, साच्यातून काढलेली. मग फडक्याची गाठ सोडून त्याने स्वतःजवळचा एक रुपया त्यांच्याशेजारी ठेवला. याच पुराच्या गाळातला, याच टांकसाळीचा, आणि हा खरा, असं त्याचं म्हणणं.

कपाट देणाऱ्या माणसाला पायरीवर बसणाऱ्या माणसाने खोट्यात काढलं होतं. व्यापाऱ्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, आपल्याकडे तज्ज्ञ आहेत, त्यांनीच काय तो निवाडा करावा. गुरुजींनी भिंग उचललं, क्षणभर धरलं आणि माझ्यापुढे केलं. सरकारी डोळा असताना आम्ही कशाला, असं काहीतरी पुटपुटले.

मी तीन नाणी बाकावर ओळीने मांडली. व्यापाऱ्यांची दोन अगदी हुबेहूब, अक्षराला अक्षर, कडेला कड. झारेकऱ्याचा रुपया मात्र एका बाजूला जाड, ठसा सरकलेला, अर्धं ‘गुलशनाबाद’ कडेबाहेर गेलेलं आणि वजनातही थोडा उतरलेला. माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या वाया तावांसारखाच तो दिसत होता. मी पाच मिनिटं पाहिलं, त्यातली चार लोकांसाठी. मग व्यापाऱ्यांची दोन खरी आणि हा खोटा, असा निकाल दिला. वर कारणही दिलं. सरकारी टांकसाळीतून असं वेडंवाकडं काम बाहेर पडू देतील का? माना डोलल्या. गुरुजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, खाकरले आणि वहीत लिहून घेतलं.

झारेकऱ्याने रुपया उचलला. फडक्यात बांधला.

‘‘साहेब, मी गाळ विकतो,’’ तो मला म्हणाला. ‘‘खोटं नाय विकत.’’

पुढच्या रविवारी तो पायरीवर नव्हता, त्याच्या पुढच्याही नाही. व्यापाऱ्यांनी सराफ बाजारापासून पिंपळगावच्या खळ्यांपर्यंत सगळीकडे गोष्ट पसरवली होती, की नदीतला अमका माणूस खोटी नाणी खपवतो आणि प्रेसच्या साहेबांनी त्याला पकडलं. मी पकडलं म्हणे. कॉलनीतही ही बातमी आली आणि दोन जणांनी माझं अभिनंदन केलं.

अभिनंदनाचा एक तोटा असतो, माणूस अभ्यासाला लागतो. आपण तज्ज्ञ ठरलोच आहोत तर थोडं वाचावं, म्हणून मी ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागलो. त्यात जे कळलं ते कुठल्याही नवशिक्याला ठाऊक असतं. पूर्वी रुपया हाताने पाडायचे. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोडा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे प्रत्येक वेळी अक्षरांचा निराळाच भाग चकतीवर उमटायचा. एका टांकसाळीतला एक रुपया दुसऱ्यासारखा नसायचा. तसा असलाच तर दोन्ही एका साच्यातून ओतलेले. म्हणजे प्रेसमध्ये जे खरेपणाचं लक्षण, तेच इथे खोटेपणाचं. मी तावासारखा रुपया तपासला होता. हे हळूहळू ध्यानात यायला लागलं तसतसा मी पुस्तकं वेळेवर परत करायला लागलो.

तरी मनाची समजूत घालता येत होती. नियमाला अपवाद असतात वगैरे. मग एकदा रजा काढून बायकोबरोबर बुधवारच्या बाजाराला गंगेवर गेलो. भाजी घेऊन परत येताना घाटाच्या कडेला एक विक्रेता यात्रेकरूंपुढे रामसीतेचे टाक, ताईत, रुद्राक्ष असं मांडून बसला होता, आणि एका पितळी ताटलीत दहा-बारा गुलशनाबादी रुपये. प्रत्येकावर ‘गुलशनाबाद’ पुरतं आणि सुवाच्य. प्रत्येकाच्या कडेला, डाव्या अंगाला खाली, तांदळाच्या कणीएवढी खोच. ती खोच मला ओळखीची होती. व्यापाऱ्यांच्या दोन्ही रुपयांना ती होती, मी भिंगातून पाहिली होती आणि दोन्हींना आहे म्हणून समाधानही मानलं होतं. एखादं नाणं कधीतरी दगडावर आपटतं आणि त्याला खोच पडते. दोन नाणी एकाच जागी तशीच आपटत नाहीत. मूळ नाण्याची खोच साच्यात उतरते आणि साच्यातून सगळ्या पिलावळीत.

मी त्यातले दोन विकत घेतले. बायकोने विचारलं, असलं काय घेताय? खोटं नाणं आहे, मी म्हणालो. तुम्हाला माहितीय तरी घेताय, असं म्हणून ती पुढे निघाली.

त्यानंतर तीन वर्षं मी गप्प बसलो. त्याला सबबी पुष्कळ होत्या. झारेकरी पुन्हा दिसला नाही (मी शोधला नाही). मंडळात विषय निघाला नाही (मी काढला नाही). खरी गोष्ट एवढीच की ती उजव्या हाताची खुर्ची मला आवडायला लागली होती. आडनावापाशी थांबणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची, याची मला चटक लागली होती. माझा डोळा फुटका आहे असं मीच सांगितलं असतं, तर ती खुर्ची जितक्या पटकन पुढे आली तितक्याच पटकन मागे गेली असती. म्हणून मूग गिळून बसलो. एका गरीब माणसाच्या अब्रूवर मी माझी अब्रू टेकवली होती आणि मला ते कळत होतं.

कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या सुमारास, श्रावणात, झारेकरी आमच्या दारात उभा राहिला. केस पिकले होते. आत बोलावलं तरी आला नाही, पायरीवरच बसला. आता नदीपेक्षा बांधकामावर जास्त असतो म्हणाला. मग फडकं सोडून तोच रुपया त्याने माझ्या हातात दिला. आता त्याला भोक होतं आणि भोकातून काळा दोरा.

त्याने सांगितलं ते असं. त्या रविवारनंतरच्या उन्हाळ्यात त्याने लेकीचं लग्न केलं, विंचूरला दिली. अंगावर घालायला दुसरी चांदी नव्हती, म्हणून हाच रुपया भोक पाडून तिच्या गळ्यात घातला. तिची सासू कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. तिथे पिंपळगावच्या व्यापाऱ्यांच्या माणसांकडून तिला सगळी हकिगत कळली. तेव्हापासून भाजीत मीठ जास्त पडलं, पाणी आणायला उशीर झाला, म्हैस आटली, काहीही झालं तरी सासूचं एकच, खोट्या नाण्याची लेक. लेक नागपंचमीला माहेरी आली होती, तिच्या गळ्यातून काढून तो रुपया घेऊन आला होता. मंडळाच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून हवं होतं त्याला, दुसरं काही नको.

मी रुपया उजेडात नेला. या वेळी भुवई जागच्या जागी राहिली. सरकलेला ठसा, हातोड्याच्या घावाने कडेला गेलेली बारीक चीर, कडेबाहेर गेलेलं अर्धं नाव, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. भोक नेमकं दिल्लीच्या बादशहाच्या नावावर पडलं होतं; पेशवाईतही रुपया त्याच्याच नावाने पाडायचे. मी त्याला सांगितलं की रुपया खरा आहे, तेव्हाही खरा होता, चूक माझी झाली.

‘‘मला ठावं हाय, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘मला नका सांगू. कागदाला सांगा.’’

रविवारी मी मंडळात गेलो. त्याचा रुपया, ताटलीतले माझे दोन, आणि व्यापाऱ्यांनी मंडळाकडे ठेवायला दिलेले, कपाटातून काढायला लावलेले दोन, असे पाच रुपये बाकावर मांडले. खोच दाखवली, पुस्तकातलं सांगितलं आणि माझा निकाल चुकला होता, तो रद्द करा, असं म्हटलं. सगळे ऐकून घेत होते. मला वाटलं, काम झालं.

व्यापारी शांतपणे म्हणाले, ताटलीतले रुपये खोटे असतील, पण ते माझ्या रुपयावरूनच काढलेले दिसतात, म्हणजे माझा मूळ. मग तुमच्या दोन्ही रुपयांना तीच खोच कशी, मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, मग दोनांतला एक तरी खरा असलाच पाहिजे. हा मुद्दा बऱ्याच जणांना पटला. चर्चा तासभर चालली आणि शेवटी गुरुजींनी निर्णय दिला. व्यापाऱ्यांच्या दोन रुपयांपैकी एक खरा आहे, कोणता ते यथावकाश ठरवू, तोवर दोन्हींचे मार्क कायम. झारेकऱ्याचा रुपया भोक पाडलेला असल्याने परीक्षेला बसायला अपात्र. अपात्र नाण्याला नापासही करता येत नाही, तर पास कुठून करणार, म्हणून दाखला देता येत नाही. चहा आला.

झारेकरी पायरीवर बसून हे ऐकत होता. मार्क नकोत, नुसतं खरं म्हणा, असं त्याने आत डोकावून एकदा सांगितलं. नियम सर्वांना सारखा, असं त्याला उत्तर मिळालं. त्याने रुपया घेतला, मला नमस्कार केला आणि गेला.

वर्ग रिकामा झाल्यावर मी गुरुजींना गाठलं. ते वही आवरत होते. मला म्हणाले, शंका मला त्याच दिवशी आली होती, पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात की मी कोण आडवा येणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फारसी वाचणारा माणूस, त्याला पहिल्या नजरेत कळलं होतं. त्याने भिंग माझ्या हातात दिलं ते खोटं माझ्या तोंडून निघावं म्हणून. आणि मी पाच वर्षं समजत होतो की मला मान दिला. तोंडाला आलं ते बोललो. नंतर त्या वर्गात पाय ठेवला नाही. पण माझा राग कितीही खरा असला तरी कागद मिळाला नव्हताच, आणि लेक तोच रुपया गळ्यात घालून विंचूरला परत गेली होती.

झारेकऱ्याला मी म्हटलं, चल, दोघं जाऊन येऊ. त्याने नकार दिला. लेकीच्या बापाने सासरी भांडायला गेलेलं बरं दिसत नाही. मग एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भिंग आणि ताटलीतले दोन रुपये घेऊन मी एकटाच विंचूरच्या एसटीत बसलो. मंडळाचा नाही तर नाही, प्रेसचा माणूस स्वतः येऊन सांगतोय म्हटल्यावर बाई नरमेल, असा माझा हिशेब. खोड जात नाही.

घर पत्र्याचं, पुढे अंगण. अंगणात सासूबाई कांद्याच्या ढिगापुढे बसल्या होत्या. माझ्याशी बोलता बोलता हात चालू. चांगला कांदा उजवीकडे, लहान गोल्टी डावीकडे, सडका पाठीमागे, आणि नजर ढिगाकडे एकदाही नाही. मी कोण, कुठून आलो ते सांगितलं. त्यांनी पोतं सरकवून बसायला दिलं. मी खिशातले रुपये काढले, सुनेकडून तिच्या गळ्यातला मागून घेतला, आणि पोत्यावर तिन्ही मांडून खोच, साचा, ठसा, हातोडा असं सगळं समजावून सांगितलं. भिंगही पुढे केलं. शेवटी म्हणालो की तुमच्या सुनेच्या बापाचा रुपया खरा आहे, त्याला खोटं म्हणणारा मी, आणि मीच चुकलो होतो. चारचौघांत हे वाक्य मी पहिल्यांदाच इतक्या सरळ म्हटलं होतं. हलकं वाटलं.

सासूबाईंनी हात पदराला पुसले. भिंगाकडे बघितलंही नाही. सुनेचा रुपया उचलून दारातल्या दगडी पायरीवर टाकला. तो खणखणीत वाजला. मग माझा एक टाकला, तो बद्द वाजला.

‘‘दादा, ह्ये मला लग्नाच्या दिशीच कळलं व्हतं,’’ त्या म्हणाल्या.

मग इतकी वर्षं तुम्ही तिला बोलत का होता, मी विचारलं.

‘‘सून हाय. सासूला बोलाया कायतरी लागतंच की. तुम्ही शिकली-सवरलेली माणसं खोटं म्हणाली, मला आयतं घावलं.’’

हे त्या कुठल्याही खुनशीपणाने म्हणाल्या नाहीत. खळ्यावरची एखादी रीत सांगावी तसं सांगितलं, चहा ठेवायला सुनेला हाक मारली आणि पुन्हा निवडायला लागल्या. माझ्यासाठी उजवीकडच्या ढिगातले चार कांदे वेगळे काढून ठेवले. मी चहा प्यायलो. तो मला कसा लागला ते आठवत नाही.

एसटीचा थांबा दाखवायला सून रस्त्यापर्यंत आली. रुपया पुन्हा तिच्या गळ्यात होता. माझ्या बापाला बरं वाटंल, काका, तुम्ही एवढ्या लांब आला, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आता तुलाही कुणी काही बोलणार नाही.

‘‘बोलतील ना,’’ ती म्हणाली. ‘‘ह्ये बोलणं खोटं व्हतं, मला ठावं व्हतं, म्हणून ऐकून घ्यायची. लग्नाला चार वर्सं झाली, काका. घरात लेकरू नाय. त्याच्यावरनं अजून कुणी एक शबूद काढला नाय, ह्यो रुपया व्हता म्हणून.’’

एसटी आली. कांदे हातात घेऊन मी चढलो, आणि ती घराकडे वळली.